पडद्यावर मुलायम, कागदावर पट्टे: ग्रेडियंट छपाईला पाठवण्याआधी

पडद्यावर लोण्यासारखा दिसणारा ग्रेडियंट छापून आला की कधी पट्ट्यापट्ट्यांचा निघतो, कधी मधेच मळकट होतो, कधी कडेला कापल्यासारखा संपतो, तर कधी त्याच्या जागी सरळ काळा ठोकळा येतो. नव्याने डिझाइन करणाऱ्याला यातलं काही ना काही भेटतंच. मग नेटवर शोधून कुठलीतरी सेटिंग बदलायची आणि फाइल पुन्हा पाठवायची. पुन्हा तेच निघालं तर वेळही गेला आणि प्लेटांचे, म्हणजे प्रत्येक शाईसाठी काढायच्या छपाईच्या पत्र्यांचे, पैसेही.

व्हेक्टर फाइलमधला, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी साठवलेल्या फाइलमधला, ग्रेडियंट हे साठवलेलं चित्र नसतं, ती एक सूचना असते: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, या रंगातून त्या रंगात जा. ही सूचना आधी तुमचं सॉफ्टवेअर वाचतं, मग पीडीएफ तयार होताना ती पुन्हा लिहिली जाते, मग प्रेसकडचा रिप (फाइलचे छपाईचे ठिपके करणारी यंत्रणा) ती वाचतो आणि शेवटी प्लेटवर ठिपके पडतात. यातल्या कोणत्या हातात ती बिघडली हे कळल्याशिवाय सेटिंग बदलण्यात अर्थ नाही. सगळा तपास याच क्रमाने करायचा.

उदाहरणाला एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ घेऊ. आकार ए-४. मागे रात्रीचं निळं आकाश, वरून खाली थोडं उजळत जाणारं. मधोमध आकाशकंदील आणि त्याच्याभोवती पिवळा उजेड. वर अंकाचं नाव सोनेरी ग्रेडियंटमध्ये, खाली लालमधून काळ्यात जाणारी पट्टी. ग्रेडियंटच्या बहुतेक तक्रारी या एका पानात जमा होतात.

पहिला टप्पा: दोष नेमका कुठे आहे

तयार पीडीएफ अॅक्रोबॅटमध्ये उघडा आणि शेजारी मूळ फाइल ठेवा. दोन्हीकडे तोच भाग ८०० टक्क्यांवर बघा. मूळ फाइलमध्येच दोष असेल तर तो डिझाइनचा. मूळ नीट आणि पीडीएफ खराब, तर एक्स्पोर्टचा. पीडीएफही नीट पण छापील प्रत खराब, तर रंगांचे टक्के, रिप आणि कागद यांच्याकडे वळायचं. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्मे गैरसमज इथेच मिटतात.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या जेपीजीवरून निकाल देऊ नका, त्यात दाबून लहान केलेलं चित्र असतं. ऑफिसच्या लेझर प्रिंटवरूनही नाही. त्यामागे साधा हिशोब आहे. छपाईत फिकट-गडद छटा ठिपक्यांच्या आकारातून तयार होतात आणि प्रत्येक ठिपका प्रिंटरच्या बारीक टिंबांच्या चौकोनी खान्यात बसतो. प्रिंटर ६०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ६०० टिंबांचा, आणि स्क्रीन (ठिपक्यांची जाळी) इंचाला १०० रेघांची असेल तर एका खान्यात ६ गुणिले ६, म्हणजे ३६ टिंबं येतात आणि कोरा कागद धरून ३७ छटा मिळतात. तिथे पट्टे पडणारच. तीच फाइल २४०० डीपीआयच्या सीटीपीवर, म्हणजे थेट प्लेट काढणाऱ्या यंत्रावर, १५० रेघांनी गेली तर १६ गुणिले १६, म्हणजे २५६ टिंबांचा खाना मिळतो. आजचे रिप अनेक खाने एकत्र धरून हिशोब करतात, त्यामुळे आकडे तंतोतंत असेच राहत नाहीत, पण फरक याच जातीचा असतो. लेझर प्रिंटवर पट्टे दिसले म्हणून चांगली फाइल मोडू नका.

पीडीएफमध्ये ग्रेडियंटवर केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर झूम वाढवत न्या. १०० टक्क्यांवर जेवढी जाड, तेवढीच ३२०० टक्क्यांवर दिसली तर ती रेघ पडद्यावरची आहे. पारदर्शक भाग सपाट करताना, म्हणजे पारदर्शकता काढून त्याचे साधे अपारदर्शक आकार करताना, चित्राचे तुकडे होतात आणि तुकड्यांच्या कडा गुळगुळीत करून दाखवण्याच्या नादात अॅक्रोबॅट ती फट दाखवतो. प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्लेखाली ‘स्मूथ लाइन आर्ट’ बंद करा, रेघ नाहीशी होते. झूमबरोबर रेघही रुंद होत गेली तर मात्र ती खरी फट आहे आणि छापून येणार.

यानंतर सेपरेशन, म्हणजे प्रत्येक शाईची वेगळी प्लेट, बघायची सवय लावून घ्या. इलस्ट्रेटरमध्ये सेपरेशन्स प्रिव्ह्यू पॅनल आहे, अॅक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू आहे. फुकटात हवं असेल तर स्क्रायबसच्या प्रिंट प्रिव्ह्यूत सायन (निळसर), मजेंटा (राणी), पिवळा आणि काळा अशा चारही प्लेटा एकेक करून बघता येतात. चारही रंग एकत्र असताना सगळं झाकलं जातं. एकटी मजेंटाची प्लेट बघितली की पट्टे, तुटलेली कड, नको तिथे आलेला रंग, सगळं उघडं पडतं.

दुसरा टप्पा: आकाशातले पट्टे

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर बहुतेक वेळा सेटिंगमध्ये नसून रंगांच्या निवडीत असतं.

प्रत्येक प्लेटला ० ते १०० टक्क्यांमध्ये २५६ छटा मिळतात. आपलं आकाश वर सायन १०० आणि मजेंटा ९० आहे, खाली सायन ८० आणि मजेंटा ६०. सायन फक्त २० टक्क्यांनी बदलतो, म्हणजे २५६ पैकी साधारण ५१ छटा त्याच्या वाट्याला येतात. ए-४ ची उंची २९७ मिलिमीटर. भागाकार केला तर एकेक छटा जवळजवळ ६ मिलिमीटर रुंद होते. मजेंटाचा बदल ३० टक्के, म्हणून ७७ छटा आणि प्रत्येकी सुमारे ४ मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरच्या पुढे गेलेली छटा डोळ्याला पट्टा म्हणून जाणवू लागते, विशेषतः गडद आणि सपाट भागात. इथे तर सहा-सहा मिलिमीटरचे पट्टे आहेत. फाइल कशीही एक्स्पोर्ट करा, ते दिसणारच.

हा भागाकार ग्रेडियंट काढायच्या आधी करावा. बदलाचे टक्के गुणिले २५६, भागिले १००, मग लांबी भागिले आलेली संख्या. कॅल्क्युलेटरवर दहा सेकंद लागतात. फ्लेक्सचाही अंदाज याच हिशोबाने येतो: १० फुटी फ्लेक्सवर ० ते १०० चा पूर्ण ग्रेडियंट घेतला तरी एक छटा १२ मिलिमीटरची पडते, पण फ्लेक्स रस्त्यापलीकडून बघायचा असतो म्हणून चालून जातं. मुखपृष्ठ हातात धरलं जातं.

पहिला उपाय म्हणजे दोन टोकांमधलं अंतर वाढवणं. वर सायन १००, मजेंटा ९०, काळा ४० घ्या आणि खाली सायन ४०, मजेंटा ७०, काळा ०. आता सायनच्या दीडशेच्या वर छटा होतात, काळ्याच्या शंभरच्या वर, आणि मजेंटाच्या पन्नासेक. तिन्ही प्लेटांच्या पायऱ्या एकमेकींच्या अध्येमध्ये पडतात आणि कुठलीच एक कड ठळक दिसत नाही. आकाशही जास्त खोल दिसतं, तो वरचा फायदा.

दुसरा उपाय मला मोठ्या पार्श्वभूमीसाठी सगळ्यात भरवशाचा वाटतो. पानभर पसरलेला हळुवार ग्रेडियंट व्हेक्टरमध्ये ठेवूच नका. तो फोटोशॉपमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या क्रितामध्ये सीएमवायके, म्हणजे याच चार शाईंचं, चित्र म्हणून बनवा. कडेचा ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग) धरून पान २१६ गुणिले ३०३ मिलिमीटर होतं. ३०० पीपीआयला साधारण २५५१ गुणिले ३५७९ पिक्सेल. फोटोशॉपच्या ग्रेडियंट टूलमधला ‘डिदर’ (शेजारच्या छटांची सरमिसळ) चालू ठेवा आणि वर १ ते २ टक्के नॉइज, म्हणजे बारीक विखुरलेले दाणे, द्या. नॉइजने पट्ट्यांच्या कडा विस्कटतात आणि डोळ्याला त्या सापडत नाहीत. १५० रेघांच्या छपाईत एवढा नॉइज दाणा म्हणून दिसत नाही. चित्र टिफमध्ये साठवा. जेपीजी ८ गुणिले ८ पिक्सेलच्या चौकोनांमध्ये चित्र दाबतो आणि तुम्ही मुद्दाम घातलेला नॉइज पुसून तिथे चौकोन उठवतो. मग हे टिफ खाली ठेवून कंदील, अक्षरं, बाकी सगळं व्हेक्टरमध्ये वर ठेवा.

व्हेक्टर सोडून पिक्सेलकडे जाणं अनेकांना पाप वाटतं. अक्षराच्या कडेला व्हेक्टर हवाच, पण ज्याला कडच नाही अशा आकाशाला व्हेक्टरचा काही उपयोग नाही.

जुन्या सल्ल्यांबद्दल एक सावधगिरी. ‘ग्रेडियंट एक्स्पांड करून २५५ तुकडे करा’ असं अजून पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. १९९७ मध्ये पोस्टस्क्रिप्टची तिसरी पातळी येईपर्यंत छपाईच्या भाषेला सलग ग्रेडियंट कळत नव्हता, सॉफ्टवेअरलाच तो पट्ट्या कापून द्यावा लागे. पीडीएफ १.३ पासून सलग ग्रेडियंट जसाच्या तसा जातो. आज तुकडे केले तर फाइल फुगते, तुकड्यांमध्ये फटी पडण्याची सोय होते आणि पट्टे कमी होत नाहीत. कोरलमध्ये मात्र जुनी फाइल हाती आली की फाउंटन फिल (कोरलमधला ग्रेडियंट) उघडून स्टेप्सचा आकडा बघाच. कोणीतरी कधीतरी तिथे ३० किंवा ५० टाकून ठेवलेलं असतं आणि तेच छापून येतं. २५६ करा.

तिसरा टप्पा: कंदिलाभोवतीचा उजेड

इथे दोन वेगळे दोष एकत्र येतात, म्हणून गोंधळ होतो.

पहिला दोष पारदर्शकतेचा. उजेड म्हणजे पिवळ्यातून काहीच नाही इथपर्यंत जाणारा गोल ग्रेडियंट. बाहेरच्या टोकाला रंग कोणता दिलाय ते तपासा. ते टोक ० टक्के अपारदर्शक असलं तरी त्याला स्वतःचा रंग असतो आणि मधल्या वाटेवर तो मिसळतो. बाहेर काळा असेल तर उजेडाभोवती काजळीचं कडं येतं, पांढरा असेल तर धुकट कडं. दोन्ही टोकांना रंग तोच ठेवा आणि फक्त अपारदर्शकता शून्यावर न्या. अर्ध्या तक्रारी एवढ्याने संपतात.

उरलेल्या अर्ध्या शाईच्या गणिताच्या. पिवळा उजेड, समजा मजेंटा १० आणि पिवळा ८०, हा सायन १००, मजेंटा ९०, काळा ३० अशा निळ्यावर अर्धा पारदर्शक झाला की मधोमध काय उरतं? सायन ५०, मजेंटा ५०, पिवळा ४०, काळा १५. हा रंग राखाडी-तपकिरी आहे. पडद्यावर आरजीबीमध्ये, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या उजेडाच्या रंगांत, त्यातून ‘स्क्रीन’ ब्लेंड मोड लावून बघताना हे कळत नाही, कारण तिथे उजेडात उजेड मिसळतो. कागदावर शाईत शाई मिसळते.

यावर उतारा असा, आणि गडद निळ्यावर यासाठी दोन्ही टोकांना तोच रंग ठेवायचा वरचा नियम सोडावा लागतो: पिवळ्यातून थेट निळ्यात उतरू नका. आत पिवळा, मग मजेंटा ६० आणि पिवळा ९० चा नारिंगी साधारण ७० टक्के अपारदर्शक, आणि सगळ्यात बाहेर राणी कलर, शून्य अपारदर्शक. राणी कलर निळ्यात विरताना जांभळा होतो, मळत नाही. उजेड आधीपेक्षा उबदार दिसेल. बाहेरच्या टोकाला आधीचा पिवळाच राहिला नाही ना, हे पुन्हा एकदा बघा.

उजेड ग्रेडियंटऐवजी ब्लर देऊन केला असेल तर तिसराच प्रश्न येतो. ब्लर एक्स्पोर्ट होताना पिक्सेलमध्ये बदलतो आणि किती पिक्सेल, ते सेटिंगवर ठरतं. इंकस्केपच्या पीडीएफ खिडकीत रास्टराइज करण्याचं रिझोल्यूशन मुळात ९६ असतं. ते ३०० करायचं राहिलं तर कंदिलाभोवती चौकड्या दिसतात. इलस्ट्रेटरमध्ये इफेक्ट मेनूखाली ‘डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्ज’ आहे. फाइल वेबच्या प्रोफाइलने सुरू केली असेल तर तिथे ७२ असतं. तेही ३००. बदलल्यावर ब्लरचा आकार एकदा नजरेखालून घाला, कधीकधी तो थोडा बदलतो.

आणि फाइल ईपीएस या जुन्या प्रकारात पाठवू नका. ईपीएसला पारदर्शकता कळतच नाही, त्यामुळे उजेडाचा भाग सपाट होतो किंवा मागच्या आकाशासकट त्याचं चित्र होऊन बसतं.

चौथा टप्पा: लाल ते काळा, आणि शून्याकडे जाणारी कड

खालच्या पट्टीत डावीकडे मजेंटा १००, पिवळा १००. उजवीकडे नुसता काळा १००. मध्यावर मजेंटा ५०, पिवळा ५०, काळा ५०. लाल निम्मा उतरला, काळा निम्माच आला, म्हणून मध्य निस्तेज आणि राखेसारखा दिसतो. काळ्याच्या टोकालाही लाल तसाच ठेवा: मजेंटा १००, पिवळा १००, काळा १००. मग लाल सगळीकडे सलग राहतो आणि फक्त काळा चढत जातो. एकूण शाई ३०० टक्के होते, आर्ट पेपरला (गुळगुळीत लेपाच्या कागदाला) ती साधारण चालते. हीच जाहिरात वर्तमानपत्रात जाणार असेल तर मर्यादा २४० च्या आसपास असते. तिथे मजेंटा आणि पिवळा ७०-७० वर आणा.

फिकट टोकाचा त्रास वेगळा. ग्रेडियंट ० टक्क्यांवर संपवला तरी छपाईत १-२ टक्क्यांचे ठिपके टिकत नाहीत. ऑफसेटमध्ये दोन-तीन टक्क्यांखाली ते गळायला लागतात, पिशव्या-पाकिटांच्या फ्लेक्सो छपाईत (लवचिक प्लेटच्या, फ्लेक्स बॅनरच्या नव्हे) त्याहूनही वर. मग रंग हळूच विरण्याऐवजी एका रेषेवर थांबतो आणि तिथे कड दिसते. पार्श्वभूमी पांढरीच हवी असेल तर ग्रेडियंटचा शेवट पानाच्या कडेबाहेर जाऊ द्या. तो पानातच संपवावा लागत असेल तर फिकट टोक ३ टक्क्यांवर ठेवा आणि पलीकडच्या भागालाही तेच ३ टक्के द्या.

मधल्या छटा कागदावर गडद येतात हेही धरून चाला. ५० टक्क्यांचा ठिपका शाई पसरून पंधरा-वीस टक्क्यांनी वाढतो, मॅपलिथो या बिनलेपाच्या कागदावर जास्त, आर्ट पेपरवर कमी. ग्रेडियंटच्या पट्टीवरची मधली हिऱ्याच्या आकाराची खूण थोडी गडद बाजूला सरकवली की फिकट भागाला जागा मिळते.

पाचवा टप्पा: देवनागरी शीर्षक

इंग्रजी अक्षरांवर लिहिलेल्या सूचना इथे अपुऱ्या पडतात. अंकाचं नाव टाइप केलं, कर्व्ह केलं (अक्षरांचे आकार करून घेतले), सोनेरी ग्रेडियंट दिला. आता नीट बघा. प्रत्येक अक्षर स्वतंत्र आकार झालं असेल तर प्रत्येकाला आपापला ग्रेडियंट मिळतो. वेलांटी, मात्रा, रफार हेही वेगळे तुकडे असतात, म्हणून एवढ्याशा मात्रेत गडदपासून फिकटपर्यंतचा सगळा प्रवास उरकला जातो आणि खालच्या अक्षराशी तिचा रंग जुळत नाही. शिरोरेषेवर जिथे दोन अक्षरं भेटतात तिथे उभी चीर दिसते. त्यात पारदर्शकता असेल तर अक्षरं एकमेकांवर चढतात तेवढा भाग दुप्पट गडद होतो.

नवखे इथे कोरलमध्ये कंट्रोल आणि एल दाबून सगळं कम्बाइन करतात. ग्रेडियंट एक होतो खरा, पण जिथे मात्रा शिरोरेषेवर चढलेली असते तिथे भोक पडतं. कम्बाइनमध्ये एकावर एक आलेला भाग रिकामा होतो. इथे कम्बाइनऐवजी वेल्ड वापरायचं. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट, इंकस्केपमध्ये पाथ मेनूतलं युनियन. सगळी अक्षरं, मात्रा, अनुस्वार निवडून आधी वेल्ड, आणि त्यानंतरच ग्रेडियंट. सुटे राहणारे अनुस्वार आणि नुक्तेही याच आकाराचा भाग होतात, त्यामुळे एकच ग्रेडियंट नावभर सलग धावतो. वेल्ड केल्यावर अक्षर पुन्हा टाइप करून दुरुस्त होणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ आधीच तपासून घ्या आणि टाइप केलेली एक प्रत पानाबाहेर ठेवा.

सोनेरी रंग चार शाईंतून न करता वेगळी सोनेरी शाई वापरायची असेल, उदाहरणार्थ पँटोन ८७१, तर ग्रेडियंट त्या शाईच्या १०० टक्क्यांपासून त्याच शाईच्या ० टक्क्यांपर्यंत न्या. दुसऱ्या टोकाला साधा पांढरा टाकू नका. सेपरेशन प्रिव्ह्यूत बाकी चारही प्लेटांवर ती जागा कोरी दिसली पाहिजे. फॉइल करणार असाल तर ग्रेडियंट विसरा. फॉइल ठशाने दाबून बसतं, एकतर असतं किंवा नसतं.

सहावा टप्पा: एक्स्पोर्ट

छपाईच्या पीडीएफचे दोन ठरलेले प्रकार आहेत. पीडीएफ/एक्स-१ए का एक्स-४, हे आधी प्रेसला विचारा. २००१ मधला एक्स-१ए पारदर्शकता सपाट करून मागतो आणि फक्त सीएमवायके व स्पॉट (वेगळ्या तयार शाईचे) रंग घेतो. २००८ मधला एक्स-४ पारदर्शकता जिवंत ठेवतो, ती रिप सोडवतो. ग्रेडियंट आणि उजेड असलेल्या कामाला माझी पसंती एक्स-४ ला, कारण सूचना मधेच मोडत नाही. पण प्रेसचा रिप जुना असेल तर आग्रह धरू नका. अशा वेळी सपाट करण्याचं काम तुम्ही स्वतः करा, म्हणजे निकाल तुमच्या डोळ्यांसमोर असेल.

इलस्ट्रेटरमध्ये आधी फाइल मेनूतून डॉक्युमेंट कलर मोड सीएमवायके करा आणि हे ग्रेडियंट काढण्यापूर्वी करा. आरजीबीत काढलेला भगवा किंवा राणी नंतर बदलला की दोन्ही टोकं वेगवेगळ्या प्रमाणात फिकी पडतात आणि ग्रेडियंटचा तोल जातो. पीडीएफच्या खिडकीत कॉम्प्रेशनखाली रंगीत चित्रांसाठी ‘ऑटोमॅटिक जेपीईजी’ऐवजी झिप निवडा. कोरलच्या पब्लिश टू पीडीएफमध्येही हाच नियम.

इंकस्केप वापरणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य करून पुढे जावं: त्याच्या पीडीएफमधले रंग आरजीबी असतात. काळं अक्षरसुद्धा प्रेसकडे जाऊन चार शाईंचं होतं. म्हणून आकार इंकस्केपमध्ये काढा, पण अंतिम पान स्क्रायबसमध्ये लावा आणि ग्रेडियंट तिथेच सीएमवायके रंगांनी द्या. थोडं दुहेरी काम आहे, पण पैसे न मोजता नीट प्लेट काढायचा हा मार्ग चालतो.

आपल्याकडे बऱ्याच प्रेस कोरलची ओपन, म्हणजे बदल करता येणारी मूळ, फाइल मागतात, तीही जुन्या व्हर्जनमध्ये. २०१४ च्या कोरल एक्स-७ पासून फाउंटन फिलच्या प्रत्येक रंगाला वेगळी पारदर्शकता देता येते, पण फाइल त्याआधीच्या व्हर्जनमध्ये उतरवली की असे ग्रेडियंट जसेच्या तसे राहतील याची खात्री नाही. ओपन फाइल देताना सोबत पीडीएफ जोडाच, आणि उतरवलेली फाइल बंद करून पुन्हा उघडून बघा.

बाहेरून आलेला एसव्हीजी

नेटवरून घेतलेलं किंवा दुसऱ्याने पाठवलेलं एसव्हीजी (वेबवर चालणारी व्हेक्टर फाइल) उघडल्यावर ग्रेडियंटच्या जागी काळा रंग दिसला तर उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला ग्रेडियंटची व्याख्या सापडलेली नाही. ते इंकस्केपमध्ये उघडा, तिथे नीट दिसत असेल तर पीडीएफ करून ती आत घ्या. एखादी आडवी किंवा उभी सरळ रेघ गायब असेल तर कारण मजेशीर आहे: ग्रेडियंट आकाराच्या चौकटीवरून मोजलेला असतो आणि अगदी सरळ रेघेच्या चौकटीला उंची किंवा रुंदी शून्य असते, म्हणून एसव्हीजीच्या नियमांप्रमाणे तो काढलाच जात नाही. ‘स्ट्रोक टू पाथ’ करून रेघेचा आकार करा, मग ग्रेडियंट दिसतो.

प्लेट काढण्याआधी

शेवटची फेरी छापील प्रूफवर, म्हणजे नमुना प्रतीवर. पूर्ण पानाचं डिजिटल प्रूफ महाग वाटत असेल तर तीन तुकडे एका ए-४ वर मूळ मापात लावून मागा: आकाशाचा सगळ्यात गडद भाग, कंदिलाच्या उजेडाची बाहेरची कड, आणि शीर्षकातली एखादी मात्रा असलेलं अक्षर. मापात लहान करू नका, लहान केलं की पट्टे अरुंद होऊन लपतात. प्रूफ खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बघा, नेहमीच्या अंतरावर हातात धरून. लॅमिनेशन होणार असेल तर तेही सांगून ठेवा, ग्लॉस लॅमिनेशनखाली गडद भाग आणखी खोल जातो आणि पट्टे असतील तर जास्त उठतात.

फाइलसोबत चार ओळींची चिठ्ठी द्या: पीडीएफचा प्रकार, पार्श्वभूमी ३०० पीपीआयचं टिफ आहे आणि त्यातला नॉइज मुद्दाम ठेवला आहे, सोनेरी पाचवी प्लेट आहे की नाही, आणि एकूण शाई किती. नॉइजचा उल्लेख राहिला तर सीटीपीवरचा एखादा काळजीवाहू माणूस तो दोष समजून साफ करून टाकतो.